बैकालच्या बर्फाखाली स्पंजचा सर्व्हे: उतरण्याआधी हे वाचा

सायबेरियातल्या बैकाल तलावाची खोली 1642 मीटर, पण स्कुबावर रिसर्चचं बहुतेक काम वरच्या तीसेक मीटरातच चालतं, कारण हिरवे फांद्याफांद्यांचे स्पंज (तळाला चिकटून राहणारे साधे प्राणी) उजेडात वाढतात आणि 2011 च्या आसपासपासून तेच आजारी पडताना दिसतायत. मार्चमध्ये पाणी एकदम नितळ असतं म्हणून बर्फ कापून उतरायचं.

सगळ्यात आधी रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र, बघा. सिलेंडरमधली दाबलेली हवा फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरचा सिलेंडरला जोडलेला भाग) एकदम पसरते आणि गार पडते, बाहेरचं पाणी आधीच शून्याच्या जवळ, मग तिथे बर्फ धरतो, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि हवा धो धो वाहायला लागते, हाच फ्री-फ्लो. म्हणून थंड पाण्याचे दोन रेग्युलेटर लागतात, दोन वेगळ्या व्हॉल्व्हवर. बर्फावर उभं राहून टेस्ट म्हणून त्यातून श्वास घेऊ नका, श्वासातली वाफ आत गोठते, पहिला श्वास पाण्याखालीच घ्या. ड्रायसूटमध्ये (आत पाणी न शिरणारा पोशाख) हवा थोडी थोडी भरा. फ्री-फ्लो झालाच तर दुसरा तोंडात, पहिल्याचा व्हॉल्व्ह बंद आणि दोरी धरून थेट बर्फातल्या भोकाकडे. जाड ग्लोव्हज घालून व्हॉल्व्ह बंद करायची प्रॅक्टिस आधी करा, प्लीज करा, कारण खाली बोटं बधिर झालेली असतात.

दोरी अंगाला बांधलेली, वर दोरी धरणारा माणूस आणि शेजारी पूर्ण तयार स्टँडबाय डायव्हर, यातलं एकही नसेल तर उतरायचं नाही. दोरीच्या झटक्यांच्या खुणा वरच ठरवा.

मालवणला किंवा गोव्यात समुद्रात शिकलेल्यांनो, गोड्या पाण्यात खाली जायला बांधायचं वजन कमी लागतं, अंग आणि सामान मिळून 100 किलो असेल तर साधारण अडीच किलो कमी, पण ड्रायसूट आणि आतल्या जाड कपड्यांमुळे ते उलट वाढतं, त्यामुळे भोकातच तरंगून बघून घ्या.

आता डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र. तलाव समुद्रसपाटीपासून साधारण 456 मीटर उंचीवर आहे म्हणून अल्टिट्यूड सेटिंग करा आणि पाणी ‘फ्रेश’वर ठेवा. खाऱ्या पाण्यावर राहिलं तर 30 मीटरला पाऊणेक मीटर कमी दाखवतो, आणि मग मागच्या वर्षीच्या खोलीशी तुमचा डेटा जुळत नाही.

खाली मोजायची टेप लावून मोजणीची चौकट ठेवा, स्केलसकट फोटो काढा आणि स्लेटवर पेन्सिलने नुसता नंबर आणि खोली लिहा. स्पंज अगदी सावकाश वाढतो, फिन (पायात घालायचा पंखा) लागून तुटलेली एक फांदी म्हणजे कित्येक वर्षांची वाढ गेली, त्यामुळे तळापासून वरच राहा. हात थरथरायला लागले की राहिलेल्या चौकटी तशाच सोडून वर या.