लीव्ह अँड लायसन्स की भाडेपट्टा? घर देता-घेताना या चुका टाळा

भाडेपट्ट्यात घर वापरण्याचा हक्कच भाडेकरूकडे जातो. लायसन्समध्ये मिळते ती फक्त राहण्याची परवानगी, घराचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो. हा फरक न पाहता केलेला करार पुढे कोर्टकचेरीत नेतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ११ महिन्यांचा करार नोटरी करून गप्प बसणं. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हे इतरत्र चालतं, महाराष्ट्रात नाही. इथे भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं कशासाठी ओढवून घ्यायचं? दरमहा २०,०००, अनामत एक लाख, मुदत दोन वर्षं, अशा करारावर मुद्रांक शुल्क १,२५० रुपये आणि शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये.

दुसरी चूक मसुद्यातली. वर ठळक अक्षरात ‘लीव्ह अँड लायसन्स’ आणि आत ‘भाडेकरूस ताबा दिला’, ‘पोटभाडेकरू ठेवता येईल’ अशी जुन्या करारातून उचललेली वाक्यं! दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातल्या केशकर्तनालयाच्या खोल्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दस्तात लायसन्स म्हटलेलं असूनही १९५९ साली न्यायालयाने बहुमताने तो भाडेपट्टा ठरवला. मथळ्यापेक्षा व्यवहाराचा गाभा आणि पक्षांचा हेतू पाहिला जातो. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक कलम वाचा, मालकांनी आणि राहायला येणाऱ्यांनीही.

मुदत संपल्यावर नवा करार न करता पैसे घेत राहणंही टाळा.

आणि लायसन्सी, म्हणजे लायसन्सवर राहणारा, घर सोडत नसेल, तर कुलूप तोडू नका, सामान बाहेर काढू नका. राहण्यासाठी दिलेल्या घराबाबत याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. तिथे लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानतात आणि मुदतीनंतरच्या काळासाठी करारातल्या लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.