नटवलेलं कॅबिनेट: या चुका टाळा

मे महिन्यात एका कॉलेजच्या मुलीनं दुरुस्तीला आणलेला पीसी मी आधी दोन मिनिटं नुसता बघतच राहिलो. पांढऱ्या कॅबिनेटला गुलाबी विनाइल, कडेनं मोत्यांची लेस, पुढच्या जाळीवर कापडी फुलांचा अख्खा ताटवा. तक्रार एकच: गेम लावला की दहा मिनिटांत बंद पडतो. फुलं काढली आणि बिघाडही गेला. मग तीच फुलं बाजूच्या बंद पत्र्यावर लावून दिली. तिथून हवा जातच नाही, त्यामुळे तिथे हवं ते लावा.

पुढची जाळी, वरची जाळी, मागची भोकं आणि खाली पॉवर सप्लायची खिडकी, या चार जागांना सजावट लागू द्यायची नाही. खालची खिडकी हमखास विसरली जाते. पीसी मऊ गालिच्यावर ठेवला तरी ती बुजते. सजवण्याआधी तोच गेम वीस मिनिटं खेळून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान लिहून ठेवा, सजवल्यावर पुन्हा बघा. तीन-चार अंशांचा फरक चालेल. दहाच्या पुढे गेला तर कुठलं तरी भोक बुजलंय.

मोठ्या कंपन्याही या मोहातून सुटलेल्या नाहीत. ॲपलचा पॉवर मॅक जी4 क्यूब 2000 साली आला, दिसायला शोभेची वस्तूच. त्यात पंखा नव्हता, गरम हवा वरच्या जाळीतून आपोआप निघायची. म्हणजे वर चार कागद ठेवले की श्वास कोंडला. वर्षभरातच त्याचं उत्पादन थांबलं. महाग होता, हे त्याचं मोठं कारण.

आता पंखे. सध्या फिशटँकसारख्या दोन बाजूंनी काचेच्या कॅबिनेटची चलती आहे. पंख्याची देखणी बाजू म्हणजे हवा आत ओढणारी बाजू. ज्या बाजूला आडव्या काड्या आणि मोटरचं स्टिकर असतं, तिकडून हवा बाहेर पडते. खालून किंवा बाजूनं हवा आत घ्यायची तर काचेतून नेमक्या त्या काड्या दिसतात. ते खटकतं, म्हणून लोक पंखा उलटा बसवतात. रोषणाई झकास दिसते, पण आता सगळे पंखे हवा बाहेर फेकत असतात आणि आत येते ती फटीफटींतून, धुळीसकट. माझ्याकडे येणाऱ्या देखण्या पण तापणाऱ्या पीसींमध्ये हा प्रकार सर्वांत जास्त. पंखा चालू करून कॅबिनेटच्या बाहेरून टिश्यू पेपरचा कपटा धरा: चिकटला तर हवा आत जातेय, उडाला तर बाहेर. शोभा हवीच असेल तर पाती उलट्या वळणाची असलेले ‘रिव्हर्स’ पंखे मिळतात, थोडे पैसे जास्त मोजा.

दिव्यांच्या वायरी जोडताना घाई नको. एआरजीबी, म्हणजे ज्यात एकेक दिवा वेगळ्या रंगात चालवता येतो ती पट्टी: 5 व्होल्ट, तीन पिना. साधं आरजीबी, म्हणजे सगळे दिवे एकाच वेळी एकाच रंगाचे: 12 व्होल्ट, चार पिना. 5 व्होल्टची पट्टी जोर लावून 12 व्होल्टवर बसवली तर दिवे जळतात, आणि ते परत येत नाहीत. सगळे दिवे लाल-हिरवे-निळे होतात पण इंद्रधनुष्य फिरत नाही, ही तक्रार मात्र बिघाडाची नव्हे. साध्या आरजीबीत एकेक दिवा वेगळा चालतच नाही.

काचेच्या बाबतीत लोक नको तिथे घाबरतात. टेंपर्ड काच पृष्ठभागावर बरीच टणक असते, तिची दुखरी जागा म्हणजे कडा. पॅनल काढून टाइल्सच्या फरशीवर उभं टेकवलं आणि कडेला बारीकसा टवका उडाला, तर अख्खी काच क्षणात चुरा होते. खाली गोधडी किंवा चादर घाला आणि काच आडवी ठेवा. तिला भोक पाडायचा विचारही नको. ॲक्रिलिकचं पॅनल असेल तर थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा, जाळीसारखे तडे जातात.

जरीची लेस, धातूच्या टिकल्या, बांगड्यांचे तुकडे बाहेरूनसुद्धा पक्के चिकटवा. गोंद उन्हाळ्यात सुटतो आणि टिकली वरच्या जाळीतून मदरबोर्डवर पडते. चुकीच्या जागी टेकलेला धातू काय करतो याचं उदाहरण हवं असेल तर एनझेडएक्सटी कंपनीचं एच1 कॅबिनेट आठवा: राइजर कार्ड (ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डला जोडणारा भाग) पत्र्याला धरणाऱ्या दोन स्क्रूंमुळे शॉर्ट होऊन आगीचा धोका होता, म्हणून 2021 मध्ये ते परत मागवावं लागलं.

स्प्रे पेंट करणार असाल तर आतलं सगळं सामान काढा, 400 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, प्रायमर द्या आणि पातळ हात तीन-चार वेळा मारा. स्क्रूची भोकं आणि पॉवर सप्लाय टेकतो ती जागा मास्किंग टेपनं झाका. रंगवल्यावर कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं सांगत एकजण आला होता. रंगाचा दोष नव्हता. घरातल्या बोर्डला अर्थिंगच नव्हतं, आणि तसं असलं की पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून झिरपणारा करंट पत्र्यावर उतरतो. आधी तो पायात चप्पल घालून बसायचा म्हणून कळलं नव्हतं. रंगकामाच्या दिवशी तो फरशीवर अनवाणी उभा होता. त्याला आधी वायरमनकडे पाठवलं.