सरकारी जागेवरचं घर नावावर करताना या चुका टाळा

"वीस वर्षं घरपट्टी भरतोय, मग जागा आमची नाही म्हणजे काय?" सरकारी जमिनीवर घर असलेलं जवळजवळ प्रत्येक कुटुंब हाच प्रश्न घेऊन तहसीलला येतं. त्यामागची कळ खरी आहे. पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. या घराचा कर कोणाकडून वसूल करायचा, एवढंच त्यावरून ठरतं. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो खातेदाराच्या जमिनीचा. गावात दोन्हींना 'आठाचा उतारा' म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव यांनीही मालकी मिळत नाही. तरीही यातला एकही कागद टाकू नका. तुम्ही तिथे कधीपासून राहता हे याच कागदांवरून सिद्ध होतं आणि सगळं प्रकरण त्यावरच उभं राहतं.

दुसरा गैरसमज बारा वर्षांचा. 'बारा वर्षं ताबा असला की जागा आपली' हे पारावर ऐकलेलं वाक्य सरकारी जमिनीला लागू नाही. १९६३च्या मुदत कायद्यात सरकारसाठी ही मुदत ३० वर्षांची आहे. ती उलटून गेली तरी आपला ताबा उघड, अखंड आणि सरकारची मालकी नाकारून होता, हे दिवाणी कोर्टात काटेकोर पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. शिवाय अतिक्रमण नियमानुकूल करा, म्हणजे आहे ती जागा रीतसर आमच्या नावावर करा, असा अर्ज दिला, की जमीन सरकारची आहे हे तुम्हीच लिहून दिलेलं असतं. वकिलाच्या सांगण्यावरून दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्यांची दोन्हीकडे अडचण होते. बहुतेकांसाठी नियमानुकूल करून घेण्याचाच मार्ग सरळ आहे.

त्या मार्गाचा आधार म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ५१. कलम ५० जिल्हाधिकाऱ्यांना अतिक्रमण काढण्याचा अधिकार देतं. कलम ५१ मात्र अतिक्रमणदाराची इच्छा असेल तर रक्कम आकारून ती जमीन त्यालाच देण्याची मुभा देतं, अर्थात जाहीर सूचना काढून आणि हरकती ऐकून. याच धाग्यावर ग्रामीण भागासाठी १६ फेब्रुवारी २०१८चा शासन निर्णय आला. १ जानेवारी २०११ रोजी अस्तित्वात असलेल्या निवासी अतिक्रमणांना त्यात वाट करून दिली आहे. शहरी हद्दीसाठी निर्णय वेगळे आहेत. ग्रामपंचायतीचा अर्ज नगरपालिकेत नेऊन उपयोग नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: जमीन कुठल्या प्रकारची आहे हे न पाहताच अर्ज करणं. 'सरकारी' हा एक शब्द झाला, त्याच्या पोटात बरंच काही असतं. महाभूलेखवर सातबारा फुकट पाहता येतो. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर आहे त्याच्या, जागी काय लिहिलंय ते वाचा आणि इतर हक्कांच्या रकान्यातल्या नोंदी तर नक्कीच वाचा. साधी मुलकी पड, म्हणजे कशासाठी राखून न ठेवलेली सरकारी पडीक जमीन असेल तर वाट तुलनेने मोकळी असते. गायरान असेल तर प्रकरण कठीण होतं. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. अपवाद ठेवला तो भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जागांचा आणि जिथे आधीच शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय उभी आहे अशा जागांचा. त्यामुळे तुमच्या वस्तीला जुन्या काळी एखाद्या आदेशाने जागा दिली होती का, हे शोधणं फार मोलाचं आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात तो आदेश पडून असू शकतो. माहिती अधिकारात अर्ज करा, प्रमाणित प्रत मागा.

जमीन वनखात्याची निघाली तर महसूलकडे चकरा मारून वर्षं वाया जातात. तिथे २००६चा वनहक्क कायदा लागू होतो. ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा लागतो आणि दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा असतो. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. विदर्भातल्या मंडळींनी सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' लिहिलंय का ते आवर्जून पाहावं, कारण २२ मे २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जमिनी वनजमीनच मानल्या आहेत.

गट नंबरचा घोळ तर हमखास होतो. जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करणाऱ्या एकत्रीकरण योजनेनंतर जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजोबांच्या कागदावर एक आकडा, आजच्या सातबाऱ्यावर दुसरा. अर्जात जुना नंबर पडला, तर मोजणी शेजारच्याच जमिनीची निघते. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे ९(३), ९(४)चे उतारे काढा आणि दोन्ही नंबरांचा मेळ घालूनच अर्ज लिहा.

पुराव्यांत लोक ताज्या पावत्यांची चळत लावतात. यंदाची घरपट्टी काही सिद्ध करत नाही. २०११ पूर्वीचा कागद हवा. ग्रामपंचायतीची त्या काळातली कर आकारणी यादी, तेव्हाची मतदार यादी, जुनी वीजजोडणी, त्याच पत्त्याचा मुलांचा शाळेचा दाखला, यातलं जे हाती लागेल ते जमवा. घर सासऱ्यांच्या नावावर असेल आणि ते वारले असतील, तर वारसांचे कागद आधी नीट करून घ्या. नावाच्या स्पेलिंगवरून फाईल परत येते आणि त्या फेऱ्यांत मजुरी बुडते ती गरिबाचीच.

बाँडवर 'घेतलेल्या' जागेबद्दल कळकळीने सांगतो. ज्याच्या नावावर जमीन नाही तो ती विकू शकत नाही, मग स्टॅम्पपेपर कितीचाही असो. असा कागद दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका. 'साहेबांशी बोलणं झालंय' म्हणणाऱ्या एजंटालाही देऊ नका. सरकारी रक्कम चलनानेच भरायची आणि चलनाची प्रत जपून ठेवायची.

नोटीस आली की घाबरून ती न घेणं, किंवा घाईघाईने आणखी एक खोली वाढवणं, या दोन्ही गोष्टी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्यासारख्या. नोटीस घ्या, मुदतीत लेखी उत्तर द्या, सुनावणी मागा आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आदेश विरोधात गेला तर अपील करता येतं. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर मुदत ६० दिवसांची, जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर ९० दिवसांची.

घर रस्त्यात, नाल्यात किंवा पाणवठ्यावर असेल तर तीच जागा मिळण्याची आशा धरून बसू नका, पर्यायी जागा मागा. घरकुल मंजूर आहे पण जागा नाही, अशांना पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीसाठी १ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळतं. गटविकास अधिकाऱ्यांकडे त्याची चौकशी करा.

आणि आदेश हातात पडला की काम संपलं असं समजू नका. रक्कम मुदतीत भरा, मोजणी करून घ्या, फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव चढलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नाव नवरा-बायको दोघांचं लावा. तिथे 'भोगवटादार वर्ग-२' लिहिलेलं असेल, तर परवानगीशिवाय ती जागा विकता येत नाही. विकली तर शर्तभंग होतो आणि एवढ्या खटपटीने मिळालेली जमीन पुन्हा सरकारजमा होऊ शकते.