वर्गात ‘पाकिटांचा खेळ’ लावायचा तर

परळच्या आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या मुलांकडून मी हा खेळ करून घेते. समोर न दिसणाऱ्या जोडीदारावर माणूस किती विश्वास टाकतो आणि तो जोडीदार किती परतफेड करतो, हे त्यातून पाहायचं. मूळ प्रयोग बर्ग, डिकहॉट आणि मॅककेब यांचा, १९९५ चा.

पैसे खरेच हवेत. ‘समजा तुमच्याकडे शंभर रुपये आहेत’ म्हटलं की वर्गातले सगळे कर्ण होतात. एका जोडीला जास्तीत जास्त चारशे रुपये लागतात, त्या हिशेबाने विभागाकडून आधीच मंजूर करून घ्या. दहाच्या नोटांची बंडलं बँकेत आधी सांगून ठेवा. आयत्या वेळी कॅन्टीनवाला काही सुट्टे देत नाही.

दोन खोल्या, प्रत्येकाला दहाच्या दहा नोटा. पहिल्या खोलीतल्याने हव्या तितक्या नोटा पाकिटात घालून दुसऱ्या खोलीतल्या जोडीदाराला पाठवायच्या, अगदी शून्यसुद्धा. वाटेत मदतनीस त्या तिप्पट करतो. दुसऱ्याने वाटलं तर काही परत पाठवायचं. निव्वळ स्वार्थाचं गणित म्हणतं, कोणी काही पाठवणारच नाही. मूळ प्रयोगात ३२ पैकी ३० जणांनी पाठवलं, १० डॉलरमधले सरासरी पाचाच्या थोडे वर.

पाकिटावर फक्त क्रमांक. नाणी नकोत, खुळखुळतात. जितक्या नोटा कमी तितके त्याच मापाचे कोरे कागद घाला, नाहीतर पोरं पाकीट नुसतं चाचपून आकडा सांगतात. मोबाईल आधीच गोळा करा. सूचनांत ‘विश्वास’, ‘मदत’ हे शब्द येऊ देऊ नका. ‘पाठवणे’ आणि ‘ठेवणे’ एवढंच.

बहुतेक जण इथे थांबतात आणि ‘मुंबईकर विश्वासू’ असं पोस्टर लावून मोकळे होतात. मला ते पटत नाही. परत आलेले पैसे परतफेडीचे, की त्या मुलाचा हात मुळातच सैल, हे यावरून कळतच नाही. म्हणून दुसऱ्या तुकडीत पहिल्या खोलीला निर्णयच देऊ नका. आधीच्या तुकडीत जोडीजोडीला जसे पैसे विभागले गेले, तसेच आपण वाटायचे आणि दुसऱ्यांना विचारायचं, यातलं किती देणार? आधीच्या तुकडीने याहून जितकं जास्त दिलं, ती परतफेड. तिसऱ्या तुकडीत परत पाठवायची सोयच काढा. तरीही पहिले जे पाठवतात ते औदार्य, पहिल्या तुकडीतलं त्यावरचं म्हणजे विश्वास. ही मांडणी जेम्स कॉक्स यांची, २००४ ची.

शेवटी पैसे बंद पाकिटात, क्रमांकाची चिठ्ठी पाहून, ऑफिसातल्या कोणाकडून तरी वाटून घ्या. मी तेव्हा स्टाफरूममध्ये असते. मार्क देणाऱ्या बाईंसमोर कोणाला कंजूष दिसायचं असतं?