कातकामाचे प्रात्यक्षिक पाहायला जाताना

लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सावंतवाडीत किंवा कोकणातील एखाद्या प्रदर्शनात लेथवरील कातकाम, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या लाकडाला हत्याराने आकार देण्याचे काम, पाहायला मिळणार असेल, तर खरेदीआधी तेथे निवांत वेळ द्यावा. फिरणाऱ्या लाकडाचा तुकडा निसटून ज्या रेषेत उडू शकतो, त्या रेषेत उभे राहू नये. मुलांना तर मुळीच राहू देऊ नये. सर्वांत मन लावून पाहावा तो लाखकामाचा टप्पा. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि पुढे केवड्याच्या पातीने घासून तिला झळाळी आणतात. हे कौशल्य पाहिल्यावर किमतीत घासाघीस करावीशी वाटत नाही, आणि करूही नये. मात्र लाकूड कोणते व किती महिने वाळवले, हे कारागिराला आवर्जून विचारावे. वस्तूच्या टोकाकडील बाजू उजेडात धरून केसासारखी बारीक चीर दिसते का, हे तपासावे. ओलसर लाकूड पावसाळ्यानंतर, हवा कोरडी होऊ लागली की, तडकते. लाखेची वस्तू घरी उन्हापासून आणि गरम भांड्यांपासून दूर ठेवावी.