गॅसचे ओंडके घेताना आधी धुराडं बघा

फायरप्लेसमध्ये गॅसचे ओंडके, म्हणजे गॅसच्या बर्नरवर रचायचे लाकडासारखे दिसणारे नकली ओंडके, बसवायचे ठरलं की लोक मला कॅटलॉगातले फोटो पाठवतात. ओकचा घेऊ की बर्चचा? मी गॅस फिटिंगवाला, माझा उलट प्रश्न ठरलेला: धुराडं मोकळं आहे का आणि त्यातला डँपर, म्हणजे धुराडं उघडणारी-मिटणारी झडप, पूर्ण उघडतो का?

कारण खरी निवड तिथेच होते. धुराडं धड असेल तर धुराड्यावर चालणारा सेट घ्यावा. त्याची ज्योत उंच, पिवळी, अगदी लाकडासारखी असते. मात्र बरीचशी ऊब वर निघून जाते, हे मनाशी धरूनच घ्या. दुसरा प्रकार बिनधुराड्याचा. त्यात ऊब खोलीत राहते, पण ज्वलनातून निघणारं बाकी सगळंही खोलीतच राहतं. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की साधारण दीड लीटर पाणी होईल इतकी वाफ तयार होते. मग काचांवर दव, कोपऱ्यात बुरशी. या सेटमध्ये हवेतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 18च्या आसपास आला की गॅस तोडणारा सेन्सर असतो. काही ठिकाणी या प्रकाराला बंदी आहे, तेव्हा आधी चौकशी करा. झोपायच्या खोलीत तर मी तो बसवतच नाही.

फायरप्लेसच्या भट्टीचं, म्हणजे आतल्या पोकळीचं, माप घेताना समोरची रुंदी, मागची रुंदी, पुढून मागपर्यंतचं अंतर आणि उंची, चारही घ्या. भट्टी मागे निमुळती होत जाते, आणि पुढचंच माप घेऊन आणलेला ओंडका मागे अडकतो. सेट 18, 24, 30 इंच अशा मापांत मिळतात. दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच मोकळे राहतील असाच घ्या.

गॅस कुठला, हे दुकानात पहिल्यांदा सांगा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू आणि सिलिंडरचा प्रोपेन यांचा दाब वेगळा, बर्नरचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोंडं, तीही वेगळी. एकाचा सेट दुसऱ्यावर चालवायचा नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून पायलट, म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, विझला की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह त्याला हवाच.

बसवण्याआधी धुराडं साफ करून घ्या. लाकडाच्या धुराचा डांबरासारखा थर आत राहिला तर तो पुढे पेट घेऊ शकतो. धुराड्यावरच्या सेटसाठी डँपरला क्लॅम्प लावा, म्हणजे तो चुकूनही पूर्ण मिटणार नाही. गॅसची लाइन परवानाधारक माणसाकडूनच जोडून घ्या, यात काटकसर नको. तो गेल्यावर वाटल्यास तुम्हीही प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडा फुगला की गळती. काडी ओढून तपासायचं नाही.

आता ओंडके रचणं. बहुतेकांना ही सजावट वाटते, पण ज्योत कुठे लागणार ते इथेच ठरतं. मागचा मोठा ओंडका आधी, मग पुढचा, आडवे सगळ्यात शेवटी. बर्नरची भोकं झाकली गेली किंवा ज्योत एका ओंडक्यावर आपटत राहिली की तिथे काजळी धरते. बिनधुराड्याच्या सेटमध्ये पुस्तिकेतल्या आकृतीपेक्षा बोटभरही इकडे-तिकडे नको, कारण तिथे काजळी म्हणजे अपुरं ज्वलन, आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड. म्हणून खोलीत त्याचा अलार्म लावाच. नकली निखाऱ्यांसाठी मिळणारी रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, बोटाच्या पेराएवढी तोडा, विंचरल्यासारखी सैल करा आणि पुस्तिकेत दाखवलीय तिथे हलकेच ठेवा. दाबली तर ती लाल होत नाही, काळी ढेकळं दिसतात. पायलटवर तर एक धागाही पडू देऊ नका.

पेटवताना पायलट लागल्यावर व्हॉल्व्हचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. पायलट जळतोय हे ओळखून व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा थर्मोकपल तापायला तेवढा वेळ लागतो, लोक आधीच सोडतात आणि व्हॉल्व्ह खराब म्हणून फोन करतात. पहिल्यांदा थोडा वास येतो, ओंडक्यांचा रंग आणि चिकटद्रव्य तापत असतं. खिडक्या उघड्या ठेवा. काचेची दारं असतील तर जळताना ती पूर्ण उघडी हवीत.

वर्षातून एकदा तपासणी करून घ्या. फार काही लागत नाही. बऱ्याचदा पायलटच्या हवेच्या छिद्रात कोळ्याचं जाळं निघतं, तेवढंच.