सर्व्हिस बाहेरून उघडत नाही? आतून बाहेर बघत या

कुबरनेटीस (कंटेनरमध्ये बांधलेली ॲप्स एकत्र जोडलेल्या मशीनांवर, म्हणजे क्लस्टरवर, चालवणारी प्रणाली) नव्याने शिकणारी आमच्याकडची पोरं, म्हणजे रत्नागिरी-कुडाळ-सावंतवाडीकडून घरबसल्या काम करणारी नाहीतर त्या तयारीत असलेली, त्यांचे मेसेज बरेचसे एकाच छापाचे असतात. "दादा, पॉड रनिंग दाखवता पण साईट उघडत नाय." आणि खाली सेटिंगची अख्खी यामल फाईल चिकटवलेली. फाईल मी शेवटी वाचतो. (पॉड म्हणजे ज्यात ॲपचा कंटेनर चालतो तो डबा, सर्व्हिस म्हणजे त्या पॉडांपर्यंत नेणारा कायमचा पत्ता, इनग्रेस म्हणजे बाहेरची रिक्वेस्ट डोमेन नि पाथ बघून योग्य सर्व्हिसकडे वळवणारे नियम, आणि ते नियम राबवतो तो कंट्रोलर.)

आधी विचारतो की ब्राउझर नक्की काय म्हणतोय. नुसतंच गोल गोल फिरून टाइमआउट झालं तर पॅकेट वाटेत कुठेतरी गिळलं जातंय, बहुतेक वेळा फायरवॉल. लगेच कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर पॅकेट पोचलंय पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. ४०४ आलं तर इनग्रेसपर्यंत आलात पण होस्ट किंवा पाथचा नियम जुळला नाही (किंवा ४०४ तुमच्या ॲपनेच दिलंय, लॉग बघा), एनजिनेक्सवाला कंट्रोलर असेल तर ५०३ म्हणजे नियम जुळला पण मागे तयार पॉडच नाही, आणि ५०२ म्हणजे पॉड आहे पण कंट्रोलरला त्याच्याकडून धड उत्तर मिळत नाहीये. एवढ्यावरच अर्धं शोधकाम होतं, आणि लोक ते सोडून यामलमध्ये स्पेस मोजत बसतात.

मग आतून सुरुवात. पॉड, सर्व्हिस, इनग्रेस, शेवटी डीएनएस नि राउटर, ह्याच क्रमाने.

देवगडकडच्या एका पोराने हापूसच्या ऑर्डरी घ्यायला फ्लास्कमध्ये (पायथनची वेब फ्रेमवर्क) छोटं ॲप केलं होतं. पॉड रनिंग, रेडी १/१, एंडपॉइंट्समध्ये (सर्व्हिसमागच्या तयार पॉडांची यादी) पॉडचा आयपी नीट दिसतोय, क्यूबसीटीएल (क्लस्टरशी बोलायची कमांड) पोर्ट-फॉरवर्ड केलं की लॅपटॉपवर पान झकास उघडतंय, आणि इनग्रेसमधून मात्र ५०२. तो म्हणे पोर्ट-फॉरवर्डने चालतंय म्हणजे ॲप ठीकच आहे ना. इथेच गोम आहे. पोर्ट-फॉरवर्ड पॉडच्या आत शिरून तिथल्या लोकलहोस्टला जोडतं, आणि फ्लास्क मुळात १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच लोकलहोस्टवर, ऐकतं, त्यामुळे त्या वाटेने सगळं गोड. बाहेरची रिक्वेस्ट मात्र पॉडच्या खऱ्या आयपीवर येते, तिथे कोणी नाही. बेडं सताड उघडं आणि माजघराला आतून कडी, असला प्रकार. ॲपला ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या आयपींवर, ऐकायला लावलं आणि काम झालं. बरं, रेडिनेस प्रोब (ॲप तयार आहे का ही तपासणी) लावलेला असता तर हे आधीच कळलं असतं, कारण क्यूबलेट (प्रत्येक मशीनवरचा कुबरनेटीसचा हस्तक) तो प्रोब पॉडच्या आयपीवरच मारतो, पॉड रेडी झालाच नसता. प्रोब नसला की कंटेनर चालू झाला म्हणजे पॉड रेडी, असंच धरलं जातं. म्हणून प्रोब लावाच, कंटाळा करू नका.

एंडपॉइंट्स रिकामे असतील तर सर्व्हिसचा सिलेक्टर (कुठल्या लेबलचे पॉड घ्यायचे ते) आणि पॉडचं लेबल शेजारी शेजारी ठेवून वाचा, एका अक्षराचा फरक असतो. टार्गेटपोर्ट म्हणजे कंटेनरमध्ये ॲप ऐकतंय तो, पोर्ट म्हणजे सर्व्हिसचा, हे एकदा डोक्यात बसवा. इनग्रेसला क्लासचं नाव (कुठल्या कंट्रोलरने हाताळायचं ते) दिलं नसेल तर कंट्रोलर त्याच्याकडे बघत नाही, डिफॉल्ट क्लास ठरवलेला असेल तर गोष्ट वेगळी. डीएनएस व्हायच्या आधी तपासायचं असेल तर कर्लला (टर्मिनलमधून वेब रिक्वेस्ट मारायची कमांड) रिझॉल्व्हचा पर्याय देऊन डोमेन त्या आयपीवर वळवा, नुसता आयपी ब्राउझरमध्ये टाकलात तर होस्टचा नियम जुळणार कसा?

शिकताय तर एक लक्षात ठेवा, इनग्रेस-एनजिनेक्स कंट्रोलरची देखभाल मार्च २०२६ पर्यंतच, हे २०२५ च्या नोव्हेंबरमध्येच जाहीर झालंय. जुन्या क्लस्टरांवर तो भेटत राहील, पण नव्याने हात बसवताना गेटवे एपीआयसुद्धा (इनग्रेसचा नवा पर्याय) बघा. इंटरव्ह्यूत "बाहेरची रिक्वेस्ट पॉडपर्यंत कशी पोचते" हे हमखास विचारतात, तेव्हा पाठ केलेली व्याख्या नको, वरची ५०२ सारखी एखादी केस सांगा, समोरचा सरसावून बसतो.

आता घरच्या जुन्या लॅपटॉपवर क्लस्टर टाकणाऱ्यांसाठी. लोडबॅलन्सर टाईपची सर्व्हिस पेंडिंगवरच अडकली तर बिघाड नाही, आयपी द्यायला मागे क्लाउड नाही एवढंच, मेटलएलबी (घरच्या क्लस्टरवर आयपी वाटणारं साधन) टाका किंवा नोडपोर्ट (मशीनच्याच आयपीवर उघडणारा पोर्ट) वापरा, तो ३०००० ते ३२७६७ मधला असतो. आणि घरच्या वायफायवर सगळं चालून मोबाईल डेटावर उघडत नसेल तर राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (इंटरनेट कंपनीने एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला) मागे आहात, राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडलेत तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. तिथे टनेल (आतून बाहेर जोडून ठेवलेली वाट) लावा, नाहीतर सरळ स्वस्तातली क्लाउड व्हीएम (भाड्याचं आभासी मशीन) घ्या. पावसात लाईट गेली तरी ती चालू राहते. फक्त तिथे फायरवॉल कधी कधी दोन असतात, एक क्लाउडच्या पॅनलवर आणि एक व्हीएमच्या आत, ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट दोन्हीकडे उघडावे लागतात.